हिरव्या गाडीचे दोन कार्बोरेटर

॥ श्री ॥

राजारामपुरी, कोल्हापूर
१७ नोव्हेंबर २०२४

तीर्थस्वरूप दादास,
धाकट्या बहिणीचा शि. सा. न. वि. वि.

इकडे आम्ही दोघंही ठणठणीत आहोत. दिवाळीत तुम्ही येणार म्हणून मी कडबोळी जास्त केली होती, ती ह्यांनी एकट्यांनी संपवली आणि वर पोट दुखतं म्हणून मलाच बोलले. फोनवर तू दर वेळी हां हां, बरं हाय, असं म्हणून ठेवून देतोस. कानातलं मशीन फोनजवळ नेलं की शिट्टी मारतं, असं क्रांतीवहिनी म्हणाल्या. चौतीस वर्षं टेलिफोन ऑफिसात काढलेल्या बाईला सख्ख्या भावाशी बोलायला पाकीट आणि तिकीट लागावं, म्हणजे कमालच झाली. पण लिहायला बसले आणि बरं वाटलं.

आता बातमी सांगते. आधी खाली बस. मी गाडी घेतली. साधीसुधी नाही, निपाणीच्या शिवमूर्ती सावकारांची हिरवी गाडी! तीच ती, दोन माणसांची, बिनछपराची, १९६१ सालची, जिच्या बॉनेटखाली जुळे कार्बोरेटर आहेत. सावकार जाऊन वीस वर्षं झाली. त्यांचा नातू वीरेश तंबाखूच्या वखारीत ती सांभाळून होता. इंजिन त्यानं नवीन करून घेतलंय, पण कार्बोरेटर कुणाच्यानं लागेनात, म्हणजे दोघांचा मेळच बसेना. मला म्हणाला, अक्का, भंगारात घालायला जीव होईना आणि चालवायला येईना, तुम्ही घेता काय? मी पुढचा-मागचा विचार न करता हो म्हणून बसले. तुझ्या दाजींनी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी स्वतःच फडकं घेऊन पुसायला लागले.

निपाणीहून मीच चालवत आणली. कागलपर्यंत बरी आली, मग जी मिसिंग मारायला लागली ती घरापर्यंत. उसाचे ट्रॅक्टर मला ओलांडून पुढे जात होते आणि ट्रॉलीवरची माणसं हात करत होती. पुढच्या दोन सिलिंडरचे प्लग पांढरे पडलेत, मागचे दोन काजळीनं काळे. उभी केली की मिनिटभरात बंद पडते. जुळे कार्बोरेटर सारखे लावायला तुझ्यासारखा माणूस पंचक्रोशीत नाही, हे अजूनही उद्यमनगरात कुणीही सांगेल. तेव्हा एकदा ये.

गाडी दारात उभी केल्यापासून मला आपलं गॅरेज सारखं आठवतं. मागच्या दोन खोल्यांत आपलं घर, पुढे पत्र्याची शेड, आणि आण्णांच्या अंगाचा तो पेट्रोलचा वास, जो रविवारी उटणं लावूनही जायचा नाही. लग्नानंतर तू दर रविवारी चहाला बोलवायचास ना, तेही आठवतं. वहिनींचा आल्याचा चहा व्हायच्या आत तू मला शेडमधून फिरवायचास, एखादी फियाट नाहीतर जीप चालू असायची, आणि कशी वाटते गं गाडी म्हणून माझी परीक्षा घ्यायचास. मी पण काहीतरी शहाणपणा सांगायचे. वीस वर्षं तो चहा चालला आणि मग एकदम बंद झाला. काम वाढलंय म्हणालास. माझं काय चुकलं होतं ते तेवढं एकदा सांग, म्हणजे डोक्यातून जाईल.

लोभ आहे तसाच राहू दे. वहिनींना नमस्कार.

तुझी
वर्षाराणी


॥ श्री गुरुदेव दत्त ॥

कुरुंदवाड
२६ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. वर्षाराणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. तुझ्या वहिनीनं आधी वाचलं आणि हसत सुटली, मग माझ्या हातात दिलं. बासष्टीपार बाई, गुडघ्याला पट्टा, आणि म्हणे बिनछपराची गाडी घेतली. दाजींना माझा दंडवत सांग. असला माणूस मिळायला भाग्य लागतं.

हिरवी अजून जिती आहे हे वाचून अंगावर काटा आला. तिची ती चामड्याची गादी राहिली आहे का? स्टेअरिंगच्या लाकडाला एक चीर होती, ती बघ.

यायचं म्हणशील तर आत्ता जमणार नाही. गुडघे धरलेत, ऊस तोडणीला आलाय, आणि पुढच्या महिन्यात दत्तजयंती, म्हणजे वाडीला जाणारी निम्मी गर्दी आमच्या दारावरून जाणार. काम अवघड नाही. तूच करून घे, मी सांगतो तसं कर.

पहिल्यांदा इंजिन चांगलं तापू दे. दोन्हींवरचे हवेचे फिल्टर काढ. मग दोन्हींच्या डोक्यावरची पितळी टोपी फिरवून आतलं तेल बघ, कमी असलं तर पातळ तेल घाल, जाड घालू नकोस. खाली जो सहा पैलूंचा नट आहे तो मिक्श्चरचा, पेट्रोल कमी-जास्त करायचा. तो पूर्ण वर घे, मग बारा पैलू खाली आण. पुढचा-मागचा दोन्ही तसेच. बाजूला स्लोचा स्क्रू आहे, उभ्या गाडीचं इंजिन त्यावर चालू राहतं, तो जेमतेम टेकेल असा ठेवून दीड फेरा आत घाल. मग आपली नेहमीची रबरी नळी घे, एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी आणि एक कानाशी, आणि आवाज सारखा करून घे. त्यानंतर आतला पिस्टन बोटानं तांदळाच्या दाण्याएवढा उचल. इंजिन पळत सुटलं तर पेट्रोल जास्त, बंद पडायला लागलं तर कमी. किंचित उसळून पुन्हा जाग्यावर आलं की झालं. एका वेळी एकच पैलू फिरवायचा, घाई करायची नाही. नट आवळताना पाना डाव्या हातात धर, उजव्यानं जोर जास्त लागतो. सगळं चित्र काढून सोबत ठेवलंय, चार कागद आहेत, क्रमानं बघ.

चहाचं काय घेऊन बसलीस. तुझं काहीच चुकलं नव्हतं.

वाडीची कवठाची बर्फी आपल्याकडच्या बाळासोच्या हाती धाडतोय. दाजींच्या हाताला लागण्याआधी थोडी बाजूला काढ.

थोरला भाऊ आशीर्वादाशिवाय काय देणार? तो आहेच.

हंबीरराव


॥ श्री ॥

कोल्हापूर
८ डिसेंबर २०२४

तीर्थस्वरूप दादास,
नमस्कार वि. वि.

बर्फी मिळाली. बाजूला काढलेलीही ह्यांनी शोधून काढली.

तुझे चारही कागद भिंतीला चिकटवून तू सांगितलंस तसं तंतोतंत केलं. टोपीतलं तेल घातलं, बारा पैलू मोजले, पाना डाव्या हातात धरला. पण काही केल्या जमत नाही. पुढच्याचा स्क्रू फिरवला की मागचाही आवाज बदलतो, मागचा धरायला जावं तर पुढचा हातचा जातो. चार दिवस हेच चाललंय. काल रंकाळ्यापर्यंत नेली तर चौपाटीवर बंद पडली आणि मिसळ खायला आलेल्या कॉलेजच्या पोरींनी धक्का मारून दिला. आजी, गाडी भारी हाय, असं म्हणाल्या वर.

रागवू नकोस, पण तुझं पत्र मी परत परत वाचलं आणि एक गोष्ट मनात आली. नटाबद्दल तू पानभर लिहिलंयस, पाना कुठल्या हातात धरायचा तेही सांगितलंयस. आणि आवाजाबद्दल काय, तर आवाज सारखा करून घे. एवढंच. अरे, सारखा म्हणजे कसा? त्या नळीतून तुला काय ऐकू यायचं, ते लिही की. लोक तर म्हणायचे, हंबीर मिस्त्रीचा कान म्हणजे देणगी.

मला १९७९चा तो दिवस लख्ख आठवतो. आण्णा काविळीनं आडवे झालेले, सावकारांच्या मुलीच्या लग्नाला आठवडा उरलेला, आणि मुंबईचा मेकॅनिक हात टेकून गेलेला. आण्णांनी आपल्या दोघांना एसटीनं निपाणीला धाडलं. मी अठराची, तू एकवीसचा. आण्णांचा नियम तुला आठवत असेलच. ऐकणाऱ्यानं डोळे मिटायचे आणि हात लावायचा नाही, हात लावणाऱ्यानं ऐकायचं नाही, कारण हात लावणाऱ्याला आपल्या मनासारखंच ऐकू येतं. मी नळी कानाला लावून डोळे मिटून बसले होते. पुढचा जास्त ओढत असला तर तुझा उजवा खांदा दाबायचा, मागचा असला तर डावा. वखारीतला तंबाखूचा वास नाकात बसलेला आणि तुझ्या खांद्यावर माझा हात. संध्याकाळी गाडी अशी काही लागली की सावकारांनी फेटा काढून तुझ्या डोक्यावर ठेवला.

त्या दिवशी मला वाटलं होतं की आपण दोघं मिळून गॅरेज चालवणार. बारावीनंतर मी आण्णांना विचारलंही होतं. ते म्हणाले, घरात एक कान हाय, तेवढा पुरे हाय. मग मी टेलिफोन ऑफिसचा फॉर्म भरला.

ते जाऊ दे. मशीन लावलेला का होईना, तू तो कान घेऊन ये, बाकी मी बघते.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
वर्षाराणी


॥ श्री गुरुदेव दत्त ॥

कुरुंदवाड
१९ डिसेंबर २०२४

चि. सौ. वर्षाराणीस,
अ. उ. आ.

दत्तजयंती झाली. गर्दी ओसरल्यावर वाडीच्या घाटावर जाऊन बसलो होतो. हे पत्र लिहायला चार दिवस लागले. तुझ्या वहिनीला दाखवलेलं नाही, तिला यातलं काही ठाऊक नाही.

सारखा म्हणजे कसा, असं तू विचारलंस. मला माहीत नाही, वर्षा. त्या नळीतून मला कधीच काही ऐकू आलं नाही.

नऊ वर्षांचा असताना पंचगंगेत उड्या मारून माझे कान फुटले होते, तुला आठवत नसेल, तू लहान होतीस. बरे झाले, पण बारीक आवाज गेले ते गेलेच. माणसांचं बोलणं यायचं, हातोडा यायचा, हॉर्न यायचा. पाखरू ओरडलेलं यायचं नाही, सायकलच्या ट्यूबमधून सुटणारी हवा यायची नाही. शाळेत पोरं बहिरोबा म्हणायला लागली तेव्हापासून मी ऐकू आल्यासारखं करायला शिकलो. आज खरंच काही ऐकू येत नाही तेव्हा लोक हळहळतात, आणि मला वाटतं की चला, सोंग तरी संपलं.

निपाणीत तू नळी घेण्याआधी मी ती कानाला लावून बघितली होती. काही नाही. मग तुझ्या हातात दिली. त्या गाडीत माझं काय होतं तर स्क्रू फिरवणारी बोटं. सावकारांनी बघितलं तेव्हा स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात होता, म्हणून फेटा माझ्या डोक्यावर आला.

इथपर्यंत चाललं असतं. पण घरी आल्यावर आण्णांनी अंथरुणातून मला विचारलं, कान कुणाचा? मी म्हटलं, माझा. दोनदा कॉलेजात नापास झालो होतो. गॅरेज सोडून मला दुसरं काही येत नव्हतं, आणि बहिऱ्याला आण्णांनी मिस्त्री केलं नसतं. तू गॅरेजात बसायचं म्हणालीस तेव्हा मी तिथंच प्लग घासत बसलो होतो. तेव्हाही बोललो नाही.

आता चहाचं. मी तुझी परीक्षा घेत नव्हतो. आठवड्यात जी गाडी मला लागायची नाही ती मी रविवारवर ठेवायचो. तू हसत हसत म्हणायचीस, ही जरा जास्तच पिते रे दादा, नाहीतर हिचा तिसरा नंबर खोकतोय. तू चहाला आत गेलीस की मी तेवढं नीट करायचो. सोमवारी गिऱ्हाईक माझे पाय धरायचं. पुढे नव्या गाड्यांतून कार्बोरेटरच गेले, सगळं कॉम्प्युटरवर आलं. तुला बोलवायला निमित्त उरलं नाही, आणि निमित्ताशिवाय बोलवायला तोंड नव्हतं. म्हणून चहा बंद केला. तुझं काही चुकलं नव्हतं म्हणून मागं लिहिलं ते त्यासाठी.

तू गाडी घेतलीस हे वाचून पहिल्यांदा मला भीतीच वाटली. पंचेचाळीस वर्षांनी ती गाडी मला शोधत आली असं वाटलं.

आशीर्वाद द्यायचा हक्क उरला असेल तर तो घे.

दादा


॥ श्री ॥

कुरुंदवाड
१२ जानेवारी २०२५

चि. सौ. वर्षाराणीस,
अ. उ. आ.

तीन आठवडे झाले, तुझं पत्र नाही. बरोबरच आहे. तिळगूळ पाठवतोय, घ्यावासा वाटला तर घे.

एक चूक मात्र लक्षात आली, ती कळवतो. काल गोठ्याच्या फाटकाची कडी काढताना बोटं थबकली. दोन कार्बोरेटरना जोडणारी एक बारीक दांडी असते, तिच्यावर दोन क्लिपा. लावायला बसण्याआधी त्या क्लिपा सैल करायच्या असतात, नाहीतर एकाला फिरवलं की दुसराही फिरतो. तुला तेच होतंय. मी ते दर वेळी तू डोळे मिटल्यावर करायचो, सवयीनं, आणि काम झालं की तू डोळे उघडायच्या आत आवळायचो. हात आपोआप करायचे, त्यामुळे सांगायचं कधी सुचलंच नाही. चित्रातही काढली नाही.

क्लिपा सैल कर, मग ऐक.

दादा


॥ श्री ॥

कोल्हापूर
२७ जानेवारी २०२५

दादास,
नमस्कार.

तिळगूळ घेतला. गोड बोलायचं मात्र जमत नाही, तेव्हा सरळच लिहिते.

एकवीस वर्षांचा पोरगा घाबरून खोटं बोलला, त्याचा मला तितका राग नाही. मी तुझ्या जागी असते तर कदाचित तेच केलं असतं. माझा राग रविवारांचा आहे. दर रविवारी मी पहाटे उठून सासरचा स्वयंपाक उरकायची, सासूबाईंची बोलणी खायची, चांगली साडी नेसून यायची. का, तर माझा दादा माझी वाट बघतोय. वाट तर तू बघतच होतास. कशासाठी, ते आता कळलं. आणि चहा बंद झाला तेव्हा आपण वहिनींना काही बोललो का, माहेरचं काही जास्त मागितलं का, असं एकेक आठवत मी किती वर्षं काढली याचा तुला पत्ता तरी आहे का?

मी मिस्त्री झाले असते, दादा. चांगली झाले असते. चौतीस वर्षं मी हेडफोन लावून लोकांचे नंबर जोडून दिले. लाईनमधली खरखर ऐकून कुठली वायर गेलीय ते सांगायची, तेव्हा साहेब म्हणायचे, बाईंचा कान तिखट आहे. मी मनात म्हणायची की हा आमच्या घरचा कान आहे, आमच्या दादाचा तर याहून तिखट. असं म्हणायची मी!

ह्यांना पत्र वाचायला दिलं. वाचून म्हणाले की हंबीरराव खोटं बोलले, पण वीस वर्षांत एकदाही तुझं ऐकलं नाही असं झालं नाही. मी म्हटलं, तुम्ही मध्ये पडू नका.

क्लिपा सैल केल्या. डोळे मिटले, नळी लावली, आणि पहिल्यांदा दोघं वेगवेगळे ऐकू आले. ते कसं असतं ते तुला कुणी कधी सांगितलं नसेल, म्हणून सांगते. हात पुढे धर आणि त्यावर गरम चहावर घालतात तशी जोरानं फुंकर घाल. पुढचा तसा आहे. मग ओठ जवळ आणून हळूच श्वास सोड. मागचा तसा. ते दोन्ही हातावर सारखे लागले की सारखं. एवढंच आहे ते. तू विचारलं असतंस तर तेव्हाच सांगितलं असतं.

आता अडचण अशी की माझी बोटं संधिवातानं वाकली आहेत. डोळे मिटून नट धरायला जाते तर पाना सुटतो. ह्यांना बसवलं तर एका वेळी तीन पैलू फिरवतात. तेव्हा हात तुझेच लागणार.

पण घरी यायचं नाही. गाडी उद्यमनगरात आपल्या जुन्या गॅरेजसमोर, जोतीरामच्या दारात उभी करणार. तू गॅरेज विकलंस तेव्हापासून तो चालवतोय, आपल्या हाताखालचाच माणूस आहे, नाही म्हणणार नाही. तिथं सगळ्या गल्लीसमोर गाडी लावायची. आणि आण्णांनी विचारलेला प्रश्न मी तुला तिथं विचारणार. या वेळी खरं उत्तर द्यायचं. ते जमत नसेल तर येऊ नकोस, आणि पत्रही पाठवू नकोस.

वहिनींना काय सांगायचं ते तू ठरव.

वर्षाराणी


॥ श्री ॥

कोल्हापूर
२४ फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही सुखरूप पोचल्याचं वहिनींच्या निरोपावरून कळलं. त्यांनी तुझ्याशी बोलणं टाकलंय असंही कळलं. टाकू दे आठवडाभर, मी मध्ये पडणार नाही.

शुक्रवारी त्या गडबडीत तुला बरंचसं ऐकू गेलं नाही. तू नुसती मान डोलावत होतास. म्हणून सगळं लिहून कळवते.

तुझे हात अजून तसेच आहेत. मी खांदा दाबायचा अवकाश की स्क्रू फिरलेला. पाऊण तासात गाडी लागली. इंजिन असं शांत चाललं की जोतीरामचा नवा पोऱ्या बंद पडली समजून चावी फिरवायला धावला. तू मात्र कार्बोरेटरवर तळहात ठेवून उभा होतास. मी प्रश्न विचारला तो तू माझ्या ओठांवरून वाचलास, आणि तुला वाटलं असेल की आपण हळू बोलतोय. दादा, तू ओरडलास. कान हिचा, पहिल्यापासनं हिचाच, मी खोटं बोललो, हे समोरच्या लेथवाल्यापर्यंत गेलं. त्यानं मशीन बंद केलं.

त्यानंतर जोतीराम हसत हसत जे बोलला आणि तू मान डोलावलीस, ते असं होतं. तो म्हणाला, मिस्त्री, एवढंच सांगाय कुरुंदवाडासनं आलासा व्हय? आमाला ठावं व्हतं की. शनिवारी तो स्वतः अवघड गाडी पुढे काढून ठेवायचा, ताई येणार म्हणून. लेथवाल्यालाही माहीत होतं. आणि त्याला तसं करायला पहिल्यांदा कुणी सांगितलं, तर आण्णांनी. कान पोरीचा हाय, पण गल्लीत पोरीला कशी बसवू, असं आण्णा त्याला म्हणाले होते. तू त्यांना फसवलंच नव्हतंस. पंचेचाळीस वर्षं तू उगीच एकटा ओझं वाहिलंस.

सगळ्यांना माहीत होतं, दादा. एका मला सोडून.

हे ऐकल्यावर मला काय वाटलं ते तुला दिसलं नसावं, कारण मी बॉनेटमध्ये डोकं घातलं होतं. त्या रात्री जेवले नाही. आण्णांवर रागवायला आता आण्णा नाहीत, म्हणून इतके दिवस तू एकटा सापडलास. तुझ्यावरचा राग अजून सगळा गेलेला नाही. जाईल तेव्हा कळवीन.

शनिवारी आम्ही दोघं गाडी घेऊन पन्हाळ्याला गेलो. चढावर एकदाही मिसिंग नाही. ह्यांची टोपी वाघबिळाजवळ उडाली, ती परत आणायला थांबलो तेवढंच. वर नाक्यावर एका पुण्याच्या माणसानं इंजिन ऐकून, एवढी सुरेख गाडी कुणी लावली म्हणून विचारलं. ह्यांनी सवयीनं आमचे मेव्हणे म्हणून सुरुवात केली आणि माझ्याकडे बघून टोपी सारखी करायला लागले. मग मी सांगितलं, मी लावली, हात भावाचे होते.

काल जोतीराम घरी आला होता. मुंबई-पुण्याचे हौशी लोक जुन्या गाड्या घेऊन त्याच्याकडे येतात आणि त्या लावणारं माणूस त्याच्याकडे नाही. ताई, याल काय, असं विचारत बसला होता. चहाला या असं म्हणाला नाही, कामाला या म्हणाला. मी विचार करून सांगते म्हटलं, आणि तो जिना उतरायच्या आत हो म्हणून आले. आजपासून जाते. ह्यांनी दुपारचा डबा स्वतः आणून देतो म्हटलंय, बघू किती दिवस टिकतं. महिन्यातून चार दिवस तुझे हात लागतील. गुडघ्याची सबब आता चालणार नाही.

तेव्हा यापुढचं पत्र घरी टाकू नकोस, दिवसा मी घरी नसते. गॅरेजच्या पत्त्यावर टाक. चि. सौ. वगैरे काय ते आत लिही. पाकिटावर मोठ्या अक्षरात वर्षाराणी मिस्त्री एवढंच लिही, कारण उद्यमनगरात टपाल चार हातांतून फिरून येतं आणि प्रत्येकजण नाव वाचून पुढे देतो.

उत्तराची वाट बघते.

तुझी धाकटी बहीण
वर्षाराणी